डबी, कांडी आणि वन्सं

४ फेब्रुवारी

वन्सं,

त्या सकाळी मी चादर पिळत होते. दूध गॅसवर होतं, एक कान दुधाकडे आणि एक नळाकडे. बाहेरच्या खोलीतून तुमचे दादा ओरडत होते, "अगं, बॅटरी आण, बॅटरी!" ओल्या हातांनी बॅटरी घेऊन गेले तर हे टीव्हीच्या मागे डोकं घालून उभे. नुसती पाठ आणि पायजम्याची लोंबती नाडी दिसत होती. मुलाने पाठवलेली सिनेमे दाखवणारी कांडी लावायची होती आणि ती जिथे खुपसायची ते भोक त्यांना सापडत नव्हतं. मी उजेड पाडला, त्यांनी कांडी खुपसली, आणि तेवढ्यात आत दूध उतू गेलं. "दूध गेलं तर गेलं, चित्र आलं ना!" असं म्हणाले. मी ओटा पुसत होते आणि ते दारात उभे राहून मला एकेक बटण समजावत होते. काही विशेष नव्हतं त्या दिवसात. पण तुमचं पत्र वाचलं आणि तोच दिवस डोळ्यांपुढे आला.

तुम्ही लिहिलंत, टीव्हीला लावायचं यंत्र घ्यायचं आहे, तुझ्याकडे दोन आहेत, कुठलं चांगलं ते सांग. खरं बोला, मुलांनी तुम्हाला फितवलं ना? "आत्या, आई नुसती बसून असते, तिला काहीतरी कामाला लाव." मला कळतं हो. पण लावलंत तर लावलंत.

दोन आहेत हे खरं. मुलाची कांडी टीव्हीच्या मागेच आहे. मुलीने पाठवलेली डबी तुमचे दादा गेल्यानंतर आली. ती अजून खोक्यात आहे. मी उघडली नव्हती. नव्या वस्तूचं खोकं ते उघडायचे, मी कात्री आणून द्यायचे, अशी आमची वाटणी होती.

आता तुमच्यासाठी उघडते. दोन्ही आलटूनपालटून लावून बघते आणि कळवते.

फोन करत नाही म्हणून रागावू नका. तुमचा आवाज त्यांच्यासारखा आहे. बोलता तेव्हा एवढं नाही, पण "हॅलो" म्हणता तेव्हा अगदी तेच. मागच्या वेळी मी फोन हातात धरून नुसती उभी राहिले, तुम्हाला आठवत असेल. पत्रात तुम्ही तुम्हीच असता. तेवढं काही दिवस चालवून घ्या.

तुमची वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी,

अक्षर मोठं आलंय त्याला हसू नकोस. बारीक पेन संपलं, शिवणाच्या डब्यातलं खुणा करायचं जाड पेन हाताला लागलं त्याने लिहिते आहे.

मला कुणी फितवलेलं नाही. शिवण बंद केल्यापासून दुपार सरत नाही, एवढंच. हल्ली लोक तयार कपडे घेतात, उसवलं की फेकून देतात. शाळेचे गणवेश शिवायला कोण येतंय माझ्याकडे? मशीनवर झाकण घातलंय. त्यावर आता टीव्ही ठेवलाय, म्हणजे दोघांचंही बरं चाललंय.

मला काय हवंय ते नीट लिहिते. तुझ्यासारखं मला देशोदेशीचं काही बघायचं नाही. रिमोट असा हवा की न बघता हाताला कळावं, कुठलं बटण कशाचं. चष्मा कुठे ठेवला ते शोधण्यात माझा अर्धा दिवस जातो. आणि दुसरं, बेकरीवाली म्हणाली की काही यंत्रं बोलतात म्हणे. आपण कुठल्या चित्रावर आहोत ते तोंडाने सांगतात. ते खरं का? असं कुठल्या यंत्रात आहे?

बेकरीवाली म्हणजे माझ्या खालच्या मजल्यावरची. दिवसभर पाव भाजते आणि संध्याकाळी वर येऊन माझं डोकं भाजते.

आवाजाचं म्हणालीस. मी "हॅलो" म्हणायचं सोडून देते, "कोण बोलतंय" म्हणत जाईन. दादा कधी तसं म्हणायचा नाही.

तू जेवतेस का वेळेवर? खरं सांग.

तुझी नणंद


२० फेब्रुवारी

वन्सं,

जेवते. चव लागते असं नाही, पण जेवते.

खोकं उघडलं. कात्री मीच आणली आणि मीच चालवली. मग आठवडाभर एक दिवस कांडी, एक दिवस डबी, अशा दोन सवतींना आळीपाळीने नांदवलं. टीव्हीच्या मागे हात घालून घालून माझ्या बोटांना आता ते भोक अंधारातही सापडतं.

कांडी लहान आहे, मागे लपते, बाहेरून दिसत नाही. तापते मात्र फार. तिच्या रिमोटवर बटण दाबून धरायचं आणि बोलायचं, म्हणजे ती ऐकते. मी "जुने सिनेमे" म्हटलं तर तिने मला जुने दागिने दाखवले. त्यांचं ऐकायची बरोबर, माझं ऐकत नाही. पण तिच्यात एक मोठा गुण आहे. सिनेमाच्या खाली जी अक्षरं येतात ती हवी तेवढी मोठी करता येतात. पांढरी अक्षरं, मागे काळी पट्टी. लांबून, चष्म्याशिवायसुद्धा वाचता येतात.

डबी टीव्हीसमोर ठेवावी लागते. रोज पुसावी लागते. तिच्या रिमोटच्या मधोमध एक खोलगट गोल आहे, भोवती कड आहे, आणि आवाजाची बटणं बाजूला आहेत. हाताला कळतं. आणि हो, ती बोलते. आत कुठेतरी एक सोय सुरू करावी लागते. मग आपण ज्या चित्रावर जाऊ त्याचं नाव एक बाई मोठ्याने सांगते. पहिल्यांदा ती बोलली तेव्हा मी दाराकडे बघितलं, कोण आलं म्हणून! थोड्या वेळाने वैताग आला. मला वाचता येतं, मग तू कशाला सांगतेस, असं तिला म्हटलं आणि बंद केली. सिनेमाची अक्षरं मात्र डबीत मुंगीएवढी आणि राखाडी. मोठी करायची सोय मला सापडली नाही.

तर वन्सं, कांडी घ्या. अक्षरांसाठी घ्या. मला शाळा चौथीपर्यंतच, तुम्हाला माहीत आहे. पुढचं वाचन मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदावर केलं आणि मग या सिनेमाखालच्या अक्षरांवर. माझं वाचून होईपर्यंत तुमचे दादा चित्र थांबवून ठेवायचे. दोन तासांचा सिनेमा आमच्याकडे चार तास चालायचा. "झालं का?" विचारायचे. मी मान हलवली की पुढे. नंतर नंतर माझं वाचून आधी व्हायचं आणि मी त्यांच्यासाठी थांबायचे, पण ते मी कधी बोलले नाही.

एक सिनेमा सांगते तो बघा. कुठल्यातरी लांबच्या देशातला आहे, भाषा आपल्याला ओ का ठो कळत नाही, पण खाली आपली अक्षरं येतात. नदीकाठच्या एका बाईचा मुलगा घर सोडून होडीतून निघून जातो. शेवटी ती काठावर उभी राहून त्याला जे ओरडून सांगते ते मला फार आवडलं. तुम्हाला काय वाटलं ते लिहा.

तुमची वहिनी


९ मार्च

वहिनी,

डबी घेतली. रागावू नकोस. मला ती बोलणारी बाई पसंत पडली. तुला तिचा वैताग आला तरी मला नाही. घरात कुणी बोललं तर बरं वाटतं. बेकरीवालीने लावून दिली.

अक्षरं छान दिसतात. उगाच नावं ठेवलीस तू.

तुझा सिनेमा बघितला. बरा होता, पाण्याचा आवाज फार होता. शेवटी त्या आईने मुलाला काय शिव्या घातल्या गं! बरं केलं. म्हाताऱ्या आईला टाकून जातो म्हणजे काय? असल्या मुलाला पुन्हा दारात उभं करू नये. मला तिचा ठसका आवडला. तुलाही तोच आवडला असणार.

इकडे सगळं ठीक. काळजी करू नकोस.

तुझी नणंद


१६ मार्च

वन्सं,

काल मी फोन केला आणि तुम्ही खरंच "कोण बोलतंय" म्हणालात. मी म्हटलं, "त्या आईने मुलाला शिव्या दिल्या नाहीत." तुम्ही म्हणालात, "मग काय दिलं?" आणि मग एकेक सांगत गेलात. काल जे माझ्या तोंडातून निघालं नाही ते आज लिहिते. पत्र तुम्हाला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल, हे आता मला ठाऊक आहे.

ती आई ओरडून म्हणते, "कोट विसरलास. तिकडे थंडी असेल. पोचलास की कळव." एवढंच. खाली लिहिलेलं होतं. आवाज रागाचा आहे हे खरं, कारण वारा आहे आणि होडी लांब गेली आहे. नुसतं ऐकणाऱ्याला शिव्याच वाटतील. पण अक्षरं वाचणाऱ्याला वाटणार नाहीत. आणि डबीची ती मुंगीएवढी अक्षरं तुम्हाला छान दिसली!

तुमचं पत्र मी भाजी निवडताना वाचलं. वाचून हसले. मग निवडलेली भाजी टाकून दिली आणि देठ पातेल्यात घातले, इतकं सगळं एकदम लक्षात आलं. न बघता हाताला कळणारा रिमोट. बोलणारी बाई. ज्या हातांनी तुम्ही एका दमात सुईत दोरा ओवायचात, त्यांनी मशीनवर झाकण घातलं, आणि मी विश्वास ठेवला की लोक तयार कपडे घेतात.

वर्ष झालं म्हणालात काल. उजव्या डोळ्याला सगळं धुरकट आणि डावा त्याच्या मागोमाग. आणि मला का नाही सांगितलं तर, "तुझ्यावर आधीच एवढं आलंय, त्यात मी कशाला?" वर मी तुमच्याकडून पत्रं मागत बसले. तुम्ही ती ओळीवर ओळ चढवत लिहीत राहिलात.

माझं आणखी काही जायला नको आहे, वन्सं. एवढंच सांगायचं होतं. मी एकदा घरी बसून होते आणि दवाखान्यातून निरोप आला. या वेळी मी घरी बसणार नाही. पुढच्या आठवड्यात येते आणि आपण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ.

तुमची वहिनी


२१ मार्च

वहिनी,

हे पत्र बेकरीवाली लिहिते आहे, मी सांगते आहे. कागदाला पीठ लागलं असेल तर झटकून घे.

तू येऊ नकोस. येण्याला माझी ना नाही, पण डॉक्टरसाठी येऊ नकोस. आपल्या आईचं तुला माहीत आहे. तू लग्न होऊन आलीस तेव्हा तिला थोडं दिसत होतं, मग तेही गेलं. दादाने तिला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं होतं आणि मी बरोबर होते. काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, असं त्यांनी कागद खाली ठेवून सांगितलं. आई खुर्चीवर बसली होती आणि तिने पदर नीट केला, बस. मला तेच वाक्य माझ्यासाठी ऐकायला जायचं नाही. आईचे डोळे माझ्याकडे आले असतील तर आले. मी तयारी केली आहे. कप कुठे, साखर कुठे, जिन्याची फरशी कुठे तुटली आहे, सगळं हाताला आणि पायाला पाठ आहे. टीव्हीचं तेवढं राहिलं होतं, तेही डबीने भागवलं.

मी बेकरीवाली, माझ्या मनाने लिहिते आहे, त्या ऐकत नाहीयेत तोवर. पायाला पाठ काही नाही. परवा जिन्यात बसकण मारली, कोपर सोलून घेतलं आणि मला सांगितलं की "बसले होते जरा." चहात साखरेऐवजी मीठ घालून माझ्यासमोर प्यायल्या आणि छान झालाय म्हणाल्या. मी घोट घेतला तेव्हा मला कळलं. तुम्ही या.

काय लिहिलंस एवढं लांब? मी तर एवढं बोललेच नाही. असो. वहिनी, मला भीती वाटते गं. हे लिहू नकोस. लिहिलंस? बरं, असू दे.

तुझी नणंद


३० एप्रिल

वहिनी,

बारीक पेनाने लिहिते आहे. ओळी बघ. पट्टी लावल्यासारख्या!

तू गेल्यापासून काय काय दिसलं ते सांगायचं तर वही लागेल. माझी खोली किती मळकट आहे गं! भिंतीवर मशीनच्या तेलाचा हात पुसलेला आहे, चांगला माझाच हात, पाच बोटांसकट. आणि तू? माझ्या डोळ्याची पट्टी काढताना तू समोर उभी होतीस, मी तुला काही बोलले नाही कारण लोक होते. एवढी वाळलीस कधी? "जेवते, जेवते" लिहायचीस ती हीच का?

तू बाहेर बसली होतीस, म्हणून पहिल्या तपासणीत आत काय झालं ते तुला नीट माहीत नाही. त्यांनी माझी हनुवटी एका यंत्रावर ठेवली. डोळ्यातला दाब बघितला. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते आणि मनात एकच, पदर नीट करायचा, रडायचं नाही. मग डॉक्टर म्हणाले, "आजी, दाब उत्तम आहे." मी म्हटलं, "आईला काचबिंदू होता." ते म्हणाले, "आईला असेल. तुम्हाला नाही. तुम्हाला मोतीबिंदू आहेत, दोन्हीकडे, पिकून दगड झालेत. काढायचे आणि भिंग बसवायचं. वर्षभर काय करत होतात?"

काय सांगणार? टीव्हीचं यंत्र शोधत होते, असं सांगितलं. ते वेड्यासारखे हसले.

आणि उजव्या डोळ्याची पट्टी काढली तेव्हा मला पहिलं काय दिसलं असेल? त्यांच्या कोटाचं दुसरं बटण. कोट पांढरा, बटण पांढरं, आणि लावलं निळ्या दोऱ्याने! मी तिथेच सांगितलं. म्हणाले, "आता आजींना खात्रीने दिसतंय." डावा डोळा पुढच्या महिन्यात करायचा, त्याची मला काही भीती नाही. तेव्हा पांढरा दोरा घेऊन जाणार आहे.

तुझा सिनेमा परत बघितला. "कोट विसरलास." खरंच गं. मी त्या बाईवर किती अन्याय केला. पण वहिनी, डबीची अक्षरं खरोखरच मुंगीएवढी आहेत. तुझं ऐकून कांडी घ्यायला हवी होती. बोलणारी बाई तर आता मलाही नको झाली आहे, मी वाचलेलंच मला पुन्हा सांगते. बेकरीवालीने डबी मागितली आहे. तिला पीठ मळताना ऐकायला बरी.

आता तू सांग. खरं सांग. मला आता दिसतं.

तुझी नणंद


७ मे

वन्सं,

पत्र मिळालं. दारात उभ्यानेच वाचलं आणि मग आत येऊन पुन्हा बसून वाचलं.

त्या दिवशी तुम्ही आत गेलात आणि दार लागलं. समोरच्या भिंतीवर डोळ्याचं मोठं चित्र होतं, बाण काढून नावं लिहिलेली. मी ती सगळी वाचली. एकदा, मग पुन्हा. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. बाजूच्या बाईंनी विचारलं, "तुमचं कोण आहे आत?" मी म्हटलं, "माझी बहीण." नणंद म्हणायला तोंड उघडलं होतं, पण हेच निघालं. तेवढ्यात तुम्ही भिंत चाचपत बाहेर आलात आणि सगळ्या लोकांसमोर ओरडलात, "वहिनी, मोतीबिंदू गं!" जणू काही बक्षीसच लागलं. त्या बाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या की या बाईंना झालंय तरी काय, मोतीबिंदू ऐकून रडतात. ते गेल्यापासून मला वाटायचं की कुठल्याही बंद दारातून आता वाईटच बाहेर येणार. तसं नसतं, हे मला कळायला हवं होतं, पण कुणीतरी दार उघडून दाखवल्याशिवाय कळलं नाही.

खरं सांग म्हणालात. घर रिकामं आहे आणि ते रिकामंच राहणार. संध्याकाळी जिन्यात पाऊल वाजलं की मी अजून पदर सारखा करते. त्याला काही औषध नाही, आणि मला ते नकोही आहे. पण तुमच्या खोलीत झोपले त्या दिवसांत मला शांत झोप लागली. तुम्ही घोरता, त्यांच्यासारख्याच. मला वाटलं होतं त्रास होईल. झाला नाही. उलट जाग आली तर ऐकत पडायचे आणि पुन्हा डोळा लागायचा. आता फोन करत जा. "हॅलो" म्हणा, चालेल.

डबी बेकरीवालीला द्या. तिला सांगा, मिठाचा चहा मी विसरले नाही. डाव्या डोळ्याच्या वेळी मी येणारच आहे, येऊ नकोस म्हणू नका.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी दुसरं काही केलं नाही. जेवले आणि खिडकीत बसून राहिले. बाहेर शाळा सुटली, मुलं भांडत गेली. पलीकडच्या गच्चीवर कुणीतरी कपडे वाळत घालत होतं आणि प्रत्येक कपडा झटकला की त्याचा आवाज थोडा उशिरा यायचा. मी चष्मा काढून बघितलं, लावून बघितलं. फारसा फरक वाटला नाही. मग आठवलं, हा चष्मा करून घेतला तेव्हा मुलगी अजून शाळेत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोळ्यांच्या दवाखान्यात गेले आणि माझे डोळे तपासून घेतले.

तुमची वहिनी